वर्ध्याचा ठराव आणि इंडोनेशियाचे नेतृत्व

१४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी हिंदुस्थान सोडावा, असा ठराव केला. तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते मौलाना अबुल कलाम आझाद. मलाया, सिंगापूर आणि ब्रह्मदेशावर जी वेळ आली ती आपल्यावर येऊ नये, ही काळजी त्या ठरावात स्पष्ट आहे. ८ ऑगस्टला मुंबईत संमत झालेल्या ठरावाने आशियातील इतर गुलाम देशांनाही पूर्ण स्वातंत्र्य मिळावे, असे म्हटले. त्यात डच ईस्ट इंडीजचे नाव होते. तोच आजचा इंडोनेशिया.

हजारो बेटांच्या या देशात जगातील सर्वाधिक मुसलमान राहतात. १७ ऑगस्ट १९४५ रोजी, रमजान महिन्यात, जुम्म्याच्या दिवशी सुकार्नो आणि मोहम्मद हत्ता यांनी त्याचे स्वातंत्र्य जाहीर केले. सुकार्नो जावाचे, शिक्षणाने इंजिनिअर आणि फर्डे वक्ते. १ जून १९४५ रोजी राष्ट्राची पाच तत्त्वे, म्हणजे 'पंचशील', मांडताना त्यांनी गांधीजींच्या मानवतावादी राष्ट्रवादाचा दाखला दिला होता. हत्ता सुमात्राचे, अर्थशास्त्राचे अभ्यासक आणि धर्मनिष्ठ मुसलमान.

खरी कसोटी दुसऱ्याच दिवशी लागली. राज्यघटनेच्या मसुद्यात मुसलमानांवर शरियत पाळण्याचे बंधन सांगणारे सात शब्द होते. पूर्वेकडील बेटांवरील ख्रिस्ती लोकांना ते मान्य नव्हते. हत्तांनी मुस्लिम नेत्यांशी बोलणी केली आणि १८ ऑगस्टला ते शब्द वगळण्यात आले. एका परमेश्वरावरील श्रद्धेचे तत्त्व मात्र कायम राहिले. आपला दीन न सोडता बहुसंख्याकांनी आपला आग्रह सोडला, तो देश एकसंध राहावा म्हणून.

डचांनी पुन्हा ताबा मिळवण्यासाठी युद्ध केले, तेव्हा भारत इंडोनेशियाच्या बाजूने उभा राहिला. जानेवारी १९४९मध्ये नेहरूंनी दिल्लीत आशियाई परिषद बोलावली. २६ जानेवारी १९५० रोजी आपल्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाला सुकार्नो प्रमुख पाहुणे होते.

पुढचा इतिहास इतका उजळ नाही. १९५६मध्ये हत्तांनी उपराष्ट्राध्यक्षपद सोडले, सुकार्नोंनी सत्ता आपल्या हाती एकवटली. १९६५-६६च्या हत्याकांडात लाखो माणसे मारली गेली आणि त्यानंतर सुहार्तो यांची राजवट १९९८पर्यंत टिकली. लोकशाही परतल्यावर १९९९मध्ये अब्दुर्रहमान वाहिद हे उलेमांच्या परंपरेतील नेते राष्ट्राध्यक्ष झाले. चिनी वंशाच्या नागरिकांच्या सणांवरील जुनी बंदी त्यांनी २०००मध्ये उठवली.

मौलाना आझादांनी १९४०मध्ये रामगढला सांगितले की आपण मुसलमान आहोत आणि भारतीयही, दोन्हींचा आपल्याला अभिमान आहे. ते अल्पसंख्याकांमधून आलेल्या नेत्याचे बोल होते. हत्ता बहुसंख्याकांमधले. आज आपण या देशातील बहुसंख्याकांकडून ज्या उदारपणाची अपेक्षा करतो, तो एका मुस्लिमबहुल देशाच्या नेत्यांनी स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच दिवशी दाखवला होता. हे आपल्या मुलांना ठाऊक असायला हवे, आणि आपल्या शेजाऱ्यांनाही.