गोव्याचा जनमत कौल

भारतात राज्यांच्या सीमा संसद ठरवते. संविधानाच्या अनुच्छेद ३ नुसार संबंधित विधानसभेचे मत मागवले जाते, पण ते बंधनकारक नसते. मतदारांना थेट विचारण्याची तर तरतूदच नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी लोक रस्त्यावर उतरले, १९५७ च्या निवडणुकीत त्यांनी काँग्रेसला हिसका दाखवला, तरी १९६० चे राज्य झाले ते संसदेच्या कायद्याने. गोव्यात मात्र १६ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित प्रदेश (संघप्रदेश) राहायचे, हा प्रश्न थेट मतपत्रिकेवर आला.

१९६१ मध्ये पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झालेला गोवा दमण-दीवसह केंद्रशासित प्रदेश होता. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष जिंकला आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. विधानसभेच्या ठरावावर विलीनीकरण व्हावे, हा त्यांचा आग्रह. एका निवडणुकीतल्या जागांवरून प्रदेशाचे अस्तित्व ठरू नये, हा युनायटेड गोवन्स पक्षाचे डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युक्तिवाद. अखेर डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. मतदान निःपक्ष व्हावे म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने त्याआधीच राजीनामा दिला होता. गोव्याबाहेरच्या गोवेकरांना मताधिकार देण्याची मागणी मात्र मान्य झाली नाही.

विलीनीकरणाची खूण फूल, संघप्रदेशाची दोन पाने. प्रचार गावोगाव, घरोघर पोचला. विलीनीकरणाविरुद्धची बाजू ‘राष्ट्रमत’ या दैनिकाने मराठीतूनच लढवली, हे विशेष. मराठी वाचणारा तो विलीनीकरणवादी, हे समीकरण तिथेच सैल झाले. संघप्रदेशाला १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाला १,३८,१७०.

खरी गंमत पुढे आहे. त्यानंतर काही आठवड्यांतच विधानसभेची निवडणूक झाली आणि बांदोडकरांचाच पक्ष पुन्हा सत्तेवर आला. बहुजन समाजाचा बांदोडकरांवरचा विश्वास ढळला नव्हता. त्यातल्या काहींना त्यांची मुख्य मागणी तेवढी नको होती. विधानसभेच्या ठरावावर निर्णय झाला असता, तर हा फरक कुणाला दिसलाच नसता. प्रतिनिधी निवडणे आणि प्रदेशाचे भवितव्य ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि गोव्याच्या मतदाराने ती वेगळी ठेवली.

३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले आणि दमण-दीव त्यापासून वेगळे काढले गेले. त्या वेळी मात्र दोन्हीकडे मतदान घेतले गेले नाही. निर्णय पुन्हा संसदेनेच केला.