उन्हात न जाता टॅन: शरीरसौष्ठवपटू अंगाला नेमकं काय लावतात?

गोरं दिसण्यासाठी क्रीम फासणाऱ्या आपल्या समाजात मुद्दाम काळं होणारेही आहेत: शरीरसौष्ठवपटू. जयसिंगपूरच्या जिममधला एखादा मुलगा ‘महाराष्ट्र श्री’ला उतरणार असेल, तर मंचावर जाण्याआधी त्याच्या अंगावर टॅनचे दोन-तीन हात चढतात. प्रखर दिव्यांखाली फिकट त्वचेवर स्नायूंच्या रेषा पुसट होतात, गडद त्वचेवर उठून दिसतात.

हा रंग बहुतेकदा डायहायड्रॉक्सिअॅसिटोन (डीएचए) या साखरेचा असतो. त्वचेच्या वरच्या मृत थरातल्या अमिनो आम्लांशी त्याची प्रक्रिया होऊन तपकिरी रंग येतो. भाकरी खरपूस होते ती याच जातीची प्रक्रिया. रंग दोन-चार तासांत दिसू लागतो आणि तो थर झडेल तसा आठवडाभरात उतरतो.

लावण्याच्या आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघावा. खाज किंवा पुरळ आलं तर तिथेच थांबावं. कोपर, गुडघे, घोटे रंग जास्त ओढतात, तिथे हात हलका ठेवावा. स्प्रे असेल तर डोळे, ओठ आणि नाक झाकणं आवश्यक. अमेरिकेच्या एफडीएची डीएचएला परवानगी आहे ती फक्त बाहेरून लावण्यापुरती, श्वासातून आत जाण्यासाठी नाही.

गोळ्या आणि इंजेक्शनं मात्र नकोच. टॅनसाठीच्या कॅन्थाझॅन्थिन गोळ्यांमुळे डोळ्याच्या पडद्यावर स्फटिक साचल्याची नोंद आहे. ‘मेलानोटॅन’ इंजेक्शन ऑनलाइन मिळतं, म्हणून ते सुरक्षित ठरत नाही. आणि टॅन लावलेल्या अंगालाही उन्हात सनस्क्रीन लागतंच.