जिराइताची ओल

सोलापूर, विजापूर, नगर ह्या भागांतून वैशाखांत ज्यांनीं प्रवास केला असेल, त्यांना तेथील भेगाळलेली काळी जमीन खचित आठवेल. ह्या भेगांत हात घातला तर तो कोपरापर्यंत आंत जातो. पहिल्या वळवाचें पाणी ह्याच वाटेनें जमिनीच्या पोटांत शिरतें. परंतु पुढें पीक उभें असतां पुन्हां भेगा पडल्या, म्हणजे तीच ओल वाऱ्यावर उडून जाते. ती धरून कशी ठेवावी, ह्या एका प्रश्नाभोंवतीं दक्षिणेंतील कोरडवाहू शेतीचा शंभर वर्षांचा इतिहास फिरला आहे. तोच आज श्रोत्यांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

इ. स. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळानंतर सरकारची दृष्टि प्रथम कालव्यांकडे वळली. नीरा, गोदावरी, प्रवरा ह्या नद्यांवर एकामागून एक कालवे झाले. हेतु असा, कीं पाऊस चुकला तरी धान्य पिकावें. पण पाणी बारमाही मिळूं लागतांच तें ज्वारीकडे न जातां उंसाकडे गेलें! आणि कालव्याच्या वरच्या अंगाला जीं गांवें होतीं, त्यांना तर हें पाणी दिसलेंहि नाहीं. १८९६ व १८९९ सालचे दुष्काळ त्यांनीं पूर्वींप्रमाणेंच सोसले.

ह्या जिराईत जमिनीचा शास्त्रीय विचार पुण्याजवळ मांजरी येथें १९२३ सालीं सुरू झाला. त्याचे प्रवर्तक वि. आ. तम्हाणे. पुढें १९३३ पासून सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर व रोहतक अशा पांच ठिकाणीं संशोधनकेंद्रें निघालीं. ह्या मुलुखांत वर्षाला वीस ते तीस इंच पाऊस पडतो. आंकडा पाहिला तर ज्वारीला तेवढा पुरावा. मग पीक जातें कां? पडलेल्या पावसापैकीं किती वाहून गेला, किती मुरला व किती उडाला, ह्याचा हिशेब ह्या मंडळींनीं प्रथमच मांडला, आणि त्यांतून जी रीत निघाली तिला ‘मुंबई पद्धति’ असें नांव पडलें.

ती रीत आजहि समजून घेण्याजोगी आहे. शेताच्या उताराला आडवे, समपातळीचे बांध घालावे, म्हणजे पाणी थबकतें व माती राहते. हरळी-कुंदा माजला असेल तर तीन वर्षांतून एकदां खोल नांगरट करावी. दरवर्षीं नांगरण्याचें कारण नाहीं. रब्बीचें रान पावसाळ्यांत नुसतें पडूं न देतां तीन-चार वेळां कुळवावें. पेरतांना दोन ओळींत दीड फुटाचें अंतर ठेवावें व बियाणें हात राखून टाकावें, कारण ओल मोजकी असतां खाणारीं तोंडें कमी हवींत. पीक उभें राहिल्यावर, तण असो वा नसो, कोळपें फिरवावें. कोळप्यानें वरची माती भुसभुशीत होते, भेगा बुजतात आणि आंतली ओल झांकली जाते. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धें पाणी’ असें आपल्याकडे म्हणतात, तें उगाच नव्हे.

आतां कोणी म्हणेल, कीं कुळव, पाभर आणि कोळपें हीं तर आमच्या आज्या-पणज्यांचीं अवजारें. शास्त्रज्ञांनीं नवें तें काय सांगितलें? आक्षेप खरा आहे. नवें होतें तें माप आणि कारण. आणि जेथें शास्त्रज्ञ शेतकऱ्याच्या उलट बोलले, तेथेंच गाडें अडलें. शेतकरी दाट पेरी, तें अज्ञानानें नव्हे. पातळ पेरलें आणि उगवण फसली तर काय, ही एक धास्ती. आणि दाट ज्वारीचा बारीक कडबा बैल आवडीनें खातात, हा दुसरा हिशेब. धान्य तोलणाऱ्या पंडितांना कडबा दिसला नाहीं, असें मला वाटतें.

शिवाय सगळे उपाय करून वाढ मिळे ती शेंकडा पंधरा-वीस, आणि तीहि मुळांतच तुटपुंज्या पिकावर. तेवढ्यासाठीं बैलांची जोडी, मजुरी आणि बांधाचा खर्च कोणी करावा? ना. वि. कानिटकरांना ही अडचण ठाऊक नव्हती असें नाहीं. १९४४ सालीं भारतांतील कोरडवाहू शेतीवर ग्रंथ लिहिणारे हे गृहस्थ त्यापूर्वीं हॅरोल्ड मॅन ह्यांच्याबरोबर जातेगांव बुद्रुकचा घरोघर हिशेब करून आले होते. १९२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणींत बहुतेक कुटुंबांचा खर्च उत्पन्नाच्या बाहेर गेलेला दिसतो. ज्याच्या घरीं कर्ज आहे त्याला तीन वर्षांनीं फळणारी मशागत परवडत नाहीं. बांधाचें काम खरें फोफावलें तें १९४२ च्या जमीनसुधारणा कायद्यानंतर आणि दुष्काळी कामांच्या मजुरीवर. १९७२ च्या दुष्काळांतहि तोच अनुभव आला.

ह्याच्या उलट मोहोळ येथें स्थानिक ज्वारींतून निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ पहा. तिला जादा खर्च नाहीं, भाकरी गोड, कडबाहि चांगला. तिचा प्रसार आपोआप झाला आणि रब्बींत ती अद्यापि पेरली जाते.

फळझाडांचा इतिहास ह्याहून अलीकडचा. १९९० पासून महाराष्ट्रांत रोजगार हमीच्या पैशानें कोरडवाहू रानांत बोर, सीताफळ, डाळिंब, आंबा लागूं लागले. त्यांत बोर व सीताफळ हीं खरीं जिराइताचीं झाडें, कारण उन्हाळ्यांत पानें गाळून तीं झोपीं जातात. बोरीचें बियाणें खड्ड्यांतच लावून जागेवर डोळा भरावा. रोप उपटून लावलें तर सोटमूळ तुटतें, आणि सोटमूळ हीच तिची विहीर. छाटणी वैशाखाच्या सुमारास करावी, म्हणजे नवी फूट पावसावर येते व फळ थंडींत उतरतें. डाळिंबाला मात्र जसजसा भाव आला, तसतसें तें ठिबकावर आणि ठिबक खोल विंधनविहिरींवर गेलें. २०१३ च्या उन्हाळ्यांत जालन्याकडे मोसंबीच्या बागा टँकरच्या पाण्यावर जगवितां जगवितां वाळल्या, तेव्हां त्या बागांना कोरडवाहू म्हणण्यासारखें कांहींहि उरलें नव्हतें.