चढ, गिअर आणि अभिमान : सायकलच्या इतिहासातील एक जुना वाद

१/ 'टूर द फ्रान्स' ही जगातील सर्वाधिक प्रसिद्ध सायकल-शर्यत १९०३ साली सुरू झाली. आल्प्स आणि पिरेनीज या पर्वतांतील खिंडी ही आज तिची ओळख आहे. परंतु चेन एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर नेणारा, चढावर हमखास उपयोगी पडणारा गिअर या शर्यतीच्या प्रमुख स्पर्धकांना १९३७ सालापर्यंत निषिद्ध होता.

२/ तो गिअर तेव्हा नवा नव्हता. हौशी सायकलस्वार, त्यांत स्त्रिया आणि पन्नाशी उलटलेले पुरुषही, तीसेक वर्षे आधीपासून तसले गिअर वापरून डोंगर चढत होते. जगातले सर्वोत्तम स्पर्धक मात्र एकाच गिअरवर धापा टाकीत होते. असे का घडले, आणि त्या वादात नेमके काय पणाला लागले होते, याविषयीचा हा धागा.

३/ प्रथम यंत्र समजून घेऊ. पॅडलजवळच्या चक्राला ४८ दाते आणि मागच्या चाकावरील चक्राला १६ दाते असतील, तर पॅडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक तीनदा फिरते. चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर धरला, तर सायकल ६.३ मीटर पुढे जाते. मागचे चक्र २४ दात्यांचे घेतले, तर चाक दोनदाच फिरते आणि अंतर ४.२ मीटर होते.

४/ चढ तेवढाच राहतो, तो चढण्यासाठी लागणारे एकूण कामही तेवढेच राहते. फरक इतकाच की दुसऱ्या रचनेत प्रत्येक फेऱ्याला जोर कमी लागतो आणि फेरे अधिक मारावे लागतात. गिअर श्रम नाहीसे करीत नाही. तो श्रमांचे हप्ते पाडून देतो. ही साधी गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढील वाद अधिक रंजक वाटू लागतो.

५/ वादाच्या एका बाजूस होते आंरी देग्रांज. 'टूर'चे जनक आणि 'लोतो' या क्रीडापत्राचे संपादक. ते स्वतः शर्यतपटू होते. ११ मे १८९३ रोजी पॅरिसच्या ब्युफालो धावपट्टीवर एका तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापून त्यांनी पहिला अधिकृत 'तासाचा विक्रम' नोंदवला होता. धावपट्टी सपाट आणि बंदिस्त असते. तिथे एक गिअर पुरतो. किंबहुना दुसऱ्याचे काही काम नसते.

६/ दुसऱ्या बाजूस होते पॉल द व्हिव्ही. जन्म १८५३. व्यवसाय रेशमाचा, मुक्काम सेंत-एतिएन. 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने ते लिहीत आणि त्याच नावाने ओळखले जात. १८८७ साली त्यांनी सायकलविषयक मासिक काढले, पुढे ते 'ल सिक्लिस्त' या नावाने प्रसिद्ध झाले. रेशमाचा धंदा सोडून ते सायकलींच्या धंद्यात शिरले, आणि स्वतःवरच प्रयोग करू लागले.

७/ सेंत-एतिएन हे नाव येथे महत्त्वाचे आहे. कोळशाच्या खाणी, फितींचे विणकाम आणि बंदुकांचे कारखाने यांसाठी हे शहर प्रसिद्ध होते. बंदुकीच्या नळीला जी कारागिरी लागते तीच सायकलच्या नळीला, आणि बंदुकीच्या खटक्यावर बसलेला हात चेनच्या दात्यांवरही बसतो. तेथील मोठ्या शस्त्र-कारखान्याने 'इरोंदेल' म्हणजे 'पाकोळी' या नावाच्या सायकली बनवल्या.

८/ आणि भूगोलही तसाच. शहर सुमारे ५०० मीटर उंचीवर. दक्षिणेकडे निघाले की १,१६१ मीटर उंचीची 'कोल द ला रेपुब्लिक' ही खिंड समोर उभी. धावपट्टीवर घडलेल्या माणसाला एक गिअर पुरेसा वाटला, घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्याला तो अपुरा वाटला. कल्पना कोणत्या जमिनीवर उगवल्या हे पाहिल्याशिवाय त्यांचा इतिहास कळत नाही, तो असा.

९/ व्हेलोसिओ आणि त्यांचे सोबती यांनी नाना रचना करून पाहिल्या. काहींत खाली उतरून हाताने चेन हलवावी लागे. काहींत दोन चेन असत. 'इरोंदेल'च्या एका सायकलीत तर पॅडल उलटे मारले की हलका गिअर लागे. चढावर पाय मागे फिरवायचे आणि सायकल पुढे जायची! अखेर टिकली ती चेनलाच एका चक्रावरून घसरवून दुसऱ्यावर नेण्याची युक्ती. 'डिरेलर' या शब्दाचा मूळ फ्रेंच अर्थही 'रुळावरून घसरवणारा' असाच आहे.

१०/ हे संशोधन प्रयोगशाळेत झाले नाही. 'ल सिक्लिस्त'च्या पानांवर वाचकांची पत्रे येत. कोणत्या घाटाला किती दाते लावले, चेन कुठे निसटली, कोणता ब्रेक उतारावर दगा देऊन गेला, याचे तपशील त्यांत असत. स्वतः सायकल खोलणारी, तेल-ग्रीस लावणारी आणि चुकत शिकणारी माणसे एकमेकांना शिकवीत होती. आधुनिक गिअरचा पाया या हौशी पत्रव्यवहारात आहे.

११/ १९०२ साली फ्रान्सच्या 'तूरिंग क्लब'ने पिरेनीजमधील तूरमाले खिंडीत प्रवासी सायकलींची चाचणी घेतली. 'टूर' सुरू होण्यापूर्वीची ही गोष्ट. तीत मार्त एस नावाची सायकलस्वार स्त्री 'गोल्वाझ' ही तीन गतींच्या गिअरची सायकल घेऊन उतरली. ती पायउतार न होता चढ चढून गेली, अशी नोंद सायकलीच्या इतिहासलेखनात आढळते.

१२/ देग्रांज यांची प्रतिक्रिया पुढे फार गाजली. तिचा आशय असा : बदलते गिअर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक आहेत, यंत्राच्या करामतीपेक्षा स्नायूंच्या बळावर जिंकणे श्रेष्ठ, आपण मऊ पडत चाललो आहोत, ही चाचणी आजी-आजोबांना दाखवायला छान आहे, मला मात्र माझा एकच गिअर पुरे. त्या वर्षी देग्रांज ३७ वर्षांचे होते आणि व्हेलोसिओ ४९ वर्षांचे. पंचेचाळिशीचा बाण कोणाला लागला असेल, हे सांगायला नको.

१३/ योगायोग पाहा. पुढच्याच वर्षी पहिली 'टूर' निघाली, तेव्हा लियों ते मार्सेय या टप्प्यात स्पर्धकांना जी पहिली मोठी खिंड लागली ती 'कोल द ला रेपुब्लिक', म्हणजे व्हेलोसिओ यांचा नेहमीचा घाट. हौशी मंडळी गिअर लावून जिथे फिरायला जात, तिथे शर्यतवीर गिअरविना गेले.

१४/ देग्रांज यांना हेकट ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते परवडत नाही. त्यांच्या भूमिकेमागे किमान तीन कारणे दिसतात. पहिले तांत्रिक : आरंभीचे डिरेलर नाजूक होते, चेन निसटे, धूळ-चिखलात यंत्रणा अडखळे. दुसरे व्यापारी : विजय माणसाचा की सायकल-कंपनीचा, हा प्रश्न त्यांना सतत सतावी. १९३० साली तर त्यांनी कंपन्यांचे संघ बाजूला सारून राष्ट्रीय संघ आणले आणि सर्वांना बिननावाच्या पिवळ्या सायकली दिल्या.

१५/ तिसरे कारण वृत्तपत्राचे. 'टूर' ही 'लोतो'चा खप वाढवण्यासाठी काढलेली शर्यत होती, आणि वाचकाला हवी असते ती झुंज. एकटा माणूस, उंच डोंगर, रक्ताळलेले गुडघे. १९१० साली शर्यत प्रथमच तूरमालेवर गेली, तेव्हा पुढे विजेता ठरलेल्या ओक्ताव्ह लापीझने आयोजकांना 'खुनी' म्हणून शिव्या घातल्या. त्या शिव्यांनी शर्यतीची कीर्ती कमी झाली नाही, उलट वाढली.

१६/ याच विचारसरणीचे टोक १९१३ साली दिसले. आघाडीवर असलेल्या युजेन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा चिमटा तूरमालेच्या उतारावर मोडला. नियम असा की दुरुस्ती स्वतःच करायची, कोणाचीही मदत घ्यायची नाही. सायकल खांद्यावर टाकून तो दहा किलोमीटरहून अधिक पायी चालत सेंत-मारी-द-कांपां या गावी पोहोचला. तेथील लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतःच्या हाताने चिमटा जोडला. अधिकारी शेजारी उभे राहून पाहत होते.

१७/ दोन्ही हात कामात गुंतलेले असताना एका मुलाने त्याचा भाता हलवला. भाता हलवणे ही परकी मदत, म्हणून क्रिस्तोफला वेळेचा दंड झाला! ही कथा सहसा शौर्यगाथा म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेही. पण तिची दुसरी बाजू अशी की, माणसाची कसोटी शुद्ध राहावी म्हणून भात्यालाही संशयित ठरवणारी ही व्यवस्था होती. डिरेलरची बंदी त्याच मुशीतली.

१८/ मग चढ आला की स्पर्धक काय करीत? मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना वेगवेगळ्या दात्यांचे चक्र असे. घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, नट सैल करायचे, चाक काढून उलटे बसवायचे, चेन ताणून पुन्हा आवळायचे. माथ्यावर पुन्हा तेच. कुठे उतरायचे याचा अंदाज हे एक डावपेचाचे शास्त्रच झाले होते.

१९/ इटलीच्या कांपान्योलो कंपनीच्या परंपरेत एक कथा सांगितली जाते : १९२७ साली क्रोचे द'औने खिंडीत तुल्लिओ कांपान्योलोची बोटे थंडीने बधिर झाली, चाकाचे नट सुटेनात, आणि त्यातून एका खटक्यात चाक सोडवणाऱ्या 'क्विक रिलीज'ची कल्पना सुचली. या कथेच्या तपशिलांविषयी सायकल-इतिहासकारांनी शंका घेतली आहे. मात्र गोठलेल्या नटांची अडचण त्या काळच्या प्रत्येक स्पर्धकाला ठाऊक होती, हे निश्चित. म्हणूनच ही कथा टिकली असावी.

२०/ दरम्यान हौशींचे जग थांबले नव्हते. १९२०च्या दशकात सेंत-एतिएनचा 'सिक्लो', दिजोंच्या ल्युसियें झुई यांचा 'सिम्प्लेक्स', आणि पुढे 'तासाचा विक्रम' अनेकदा मोडणाऱ्या ऑस्कर एगचा 'सुपर चॅम्पियन' असे डिरेलर बाजारात आले. व्हेलोसिओ मात्र १९३० साली सेंत-एतिएनमध्येच ट्रामच्या धडकेने मृत्यू पावले. 'टूर'मध्ये गिअर आलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

२१/ १९३६ साली प्रकृती ढासळल्याने देग्रांज यांनी शर्यतीची सूत्रे झाक गोदे यांच्याकडे सोपवली. १९३७ साली बंदी उठली. त्या वर्षीचा विजेता रोजे लापेबी डिरेलर वापरूनच जिंकला. आभाळ कोसळले नाही. पुढे कांपान्योलो, जपानची सनटूर आणि शिमानो यांनी हे यंत्र इतके सुधारले की आज आपण खटका दाबतो आणि विसरून जातो.

२२/ आता मूळ प्रश्न : पणाला काय लागले होते? वरवर पाहता दात्यांचा वाद. आत डोकावले तर 'चढ कोणी चढायचा' हा वाद. देग्रांज यांच्या दृष्टीने डोंगर ही चाळणी होती, जिच्यातून मोजकेच वीर पलीकडे जावेत. व्हेलोसिओ यांच्या दृष्टीने डोंगर ही वाट होती. पोटापाण्याचा उद्योग करणाऱ्या, वय झालेल्या, शर्यतीशी देणेघेणे नसलेल्या कोणालाही ती चालता यावी. गिअर हा त्यांच्या लेखी त्या वाटेचा परवाना होता.

२३/ या वादाचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. पुणे, मुंबई, नाशिक येथील सायकलस्वार ज्या २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या 'ब्रेव्हे' करतात, त्यांचे मूळही फ्रान्समध्ये आहे. देग्रांज यांच्या पुढाकाराने १९०४ साली तेथे रुजलेल्या 'ओदाक्स' प्रकारात सर्वांनी कप्तानाच्या मागे एकाच वेगाने जायचे असे. १९२१ साली 'ओदाक्स क्लब पारिझियें'चे देग्रांजशी बिनसले, आणि क्लबने प्रत्येकाने आपापल्या गतीने जाण्याचा प्रकार सुरू केला.

२४/ आज आपल्याकडे चालते ती ही दुसरी, मुक्त गतीची परंपरा. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास. पहिला आला कोण, याची नोंद नाही. वेळेत पोहोचला की नाही, एवढेच पाहायचे. कात्रज किंवा खंबाटकी घाटात हलक्या गिअरवर संथ फेरे मारणारा सायकलस्वार कोणाची सवलत घेत नसतो. तो एका शतकाहून जुन्या परंपरेचा वारस असतो.

२५/ तरीही सर्वांत हलक्या गिअरला सायकलस्वारांच्या बोलीत 'ग्रॅनी गिअर' म्हणजे आजीचा गिअर म्हणतात, आणि तो लावणाऱ्याची थट्टा होते. देग्रांज यांचे आजी-आजोबा अजून आपल्या बोलण्यात हजर आहेत! आता तर बॅटरीवरच्या सायकलींविषयी जवळपास त्याच शब्दांत तोच वाद ऐकू येतो. बॅटरी आणि गिअर एक नव्हेत. बॅटरी बाहेरची ऊर्जा आणते, गिअर आणीत नाही. पण 'हे खरे सायकलिंग नव्हे' हे वाक्य कोणाला घाटाबाहेर ठेवते, हा प्रश्न तोच आहे.

२६/ व्हेलोसिओ यांनी सायकल-प्रवाशांसाठी सात नियम सांगितले होते. भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे, पहिल्या काही तासांत जोर लावू नये, अशा स्वरूपाचे. शेवटच्या नियमाचा आशय असा की, मिरवण्यासाठी कधी पॅडल मारू नये. आणि आज त्याच 'टूर'च्या खड्या चढांवर जगातले सर्वोत्तम स्पर्धक मागे ३० ते ३४ दात्यांची चक्रे लावून चढतात. त्यांतील बहुतेकांचे वय पंचेचाळिशीच्या बरेच अलीकडे असते.

(धागा समाप्त. घाट चढणाऱ्या मित्रमंडळींपर्यंत अवश्य पोहोचवा.)