साखर कामगाराला संघटनेचे सभासदत्व काय देते?

राहाता तालुक्यातील कामगारांचा मोठा वर्ग साखर धंद्याशी जोडलेला आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ मध्ये झाला. पुढे गणेशनगर येथेही कारखाना उभा राहिला. येथे मालक म्हणजे ऊस उत्पादक सभासद, आणि कामगारही बहुधा त्याच सभासदाच्या घरातला. साहजिकच ‘आपल्याच कारखान्याविरुद्ध युनियन कशाला?’ असे विचारले जाते. मात्र कारखाना सहकारी असला, तरी हजेरीपत्रकापुढे उभा असलेला माणूस नोकरच असतो.

राज्यातील साखर कामगारांची वेतनवाढ शासन, कारखाने आणि कामगार संघटना यांच्या त्रिपक्षीय समितीत ठरते. १ एप्रिल २०१९ पासूनच्या करारात १२ टक्के, तर १ एप्रिल २०२४ पासूनच्या करारात १० टक्के वाढ मान्य झाली. हा दुसरा निर्णय जुलै २०२५ मध्ये, म्हणजे आधीच्या कराराची मुदत संपून सव्वा वर्ष उलटल्यावर झाला. मधल्या काळातील फरकाची रक्कम हिशेब करून पदरात पाडून घेणे हे स्थानिक युनियनचे काम. एकट्या कामगाराला ते सहसा साधत नाही. फडातील ऊसतोड कामगार मात्र या कराराबाहेर आहेत. त्यांचे दर स्वतंत्र वाटाघाटीत ठरतात.

खरा प्रश्न ‘हंगामी’ आणि ‘कायम’ या दोन शब्दांचा आहे. कायम कामगाराला ग्रॅच्युइटी सेवेच्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाप्रमाणे मिळते, हंगामी कामगाराला प्रत्येक हंगामाला सात दिवसांच्या वेतनाप्रमाणे. अखेरचे दैनिक वेतन ६०० रुपये धरले, तर वीस वर्षांच्या सेवेनंतर कायम कामगाराचे १ लाख ८० हजार रुपये होतात आणि वीस हंगाम काढलेल्या हंगामी कामगाराचे ८४ हजार. हंगाम संपल्यावरही देखभाल-दुरुस्तीसाठी बाराही महिने राबणारा फिटर कागदावर हंगामीच राहिला, तर निवृत्तीच्या दिवशी त्याला हा फरक कळतो. तोवर फार उशीर झालेला असतो. अशा कामगारांच्या याद्या करून कायम करण्याची मागणी लावून धरणे, हा संघटनेचा सर्वांत मोलाचा उपयोग म्हणावा लागेल.

शिस्तभंगाच्या चौकशीत बाजू मांडण्यास युनियनचा प्रतिनिधी सोबत घेता येतो. बडतर्फी झाल्यास मुदतीचे भान ठेवावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत असा वाद न्यायाधिकरणापुढे नेण्यास दोन वर्षांची मर्यादा आहे. पूर्वी ती तीन वर्षांची होती. वाटाघाटीच्या अधिकाराचे गणितही याच संहितेने घातले आहे. एकाहून अधिक संघटना असतील, तर हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटी संघटना ठरते. सभासदांची संख्या घटली की वाटाघाटीच्या मेजावरील वजनही घटते.

वर्गणी देताना पावती अवश्य घ्यावी. संघटनेच्या हिशेबाची पुस्तके पाहण्याचा अधिकार सभासदाला आहे, आणि तो वापरण्यास संकोच वाटू नये. निवृत्तीपूर्वी हजेरी कार्डे, वेतनचिठ्ठ्या आणि नेमणुकीचे पत्र एकत्र करून युनियनच्या कार्यालयात दाखवून घ्यावे. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून तीस दिवसांत कारखान्याने ती चुकती करावयाची असते. विलंब झाल्यास व्याज मागता येते.