दोनदा कर भरणारे पालक : अमेरिकेतील कृष्णवर्णीय पालक-शिक्षक संघांचा इतिहास

१/ शाळेचा पालक संघ म्हटला की आपल्याला स्नेहसंमेलन, वर्गणी आणि पालकसभा आठवते. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या दक्षिणेत असे असंख्य पालक होते, ज्यांच्या वर्गणीवाचून त्यांच्या मुलांची प्राथमिक शाळा उभीच राहिली नसती. त्यांच्या संघटनेची आणि त्यांनी अखेर सरकारकडे मागितलेल्या हिशेबाची ही कथा. #थ्रेड

२/ प्रारंभ १८९७ सालचा. १७ फेब्रुवारीला वॉशिंग्टन येथे 'नॅशनल काँग्रेस ऑफ मदर्स' ही मातांची परिषद भरली. ॲलिस मॅक्लेलन बर्नी आणि फीबी ॲपर्सन हर्स्ट या तिच्या संस्थापिका. दोन हजारांहून अधिक लोक उपस्थित राहिले. पुढे वडील आणि शिक्षकही सामील झाले, नाव बदलत गेले आणि आज 'पीटीए' म्हणून ओळखली जाणारी राष्ट्रीय संघटना आकारास आली.

३/ तिची कामे ठोस होती. बालवाड्या सुरू व्हाव्यात, बालमजुरीला आळा बसावा, बालगुन्हेगारांसाठी स्वतंत्र न्यायालये असावीत, मुलांना शाळेत गरम जेवण मिळावे, यासाठी तिने प्रयत्न केले. घर आणि शाळा यांनी परस्परांशी बोलले पाहिजे, हा साधा विचार त्यामागे होता.

४/ मात्र त्या परिषदेच्या आदल्याच वर्षी, १८९६ मध्ये, 'प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे, पण समान' या तत्त्वावर मान्यतेची मोहोर उमटवली होती. दक्षिणेतील राज्यांनी त्यातले 'वेगळे' काटेकोरपणे पाळले आणि 'समान' कागदावरच ठेवले. शाळा विभागलेल्या होत्या, तसे पालक संघही विभागले गेले.

५/ येथे सेलिना स्लोन बटलर यांचा प्रवेश होतो. अटलांटात राहणाऱ्या सेलिनाबाई स्वतः शिक्षिका होत्या. आपल्या मुलासाठी जवळपास बालवाडी मिळेना, तेव्हा त्यांनी ती स्वतःच्याच घरी सुरू केली. मुलगा यंग स्ट्रीट शाळेत जाऊ लागल्यावर, १९११ मध्ये, त्यांनी तेथे पालक-शिक्षक संघ स्थापला. कृष्णवर्णीयांचा हा देशातील पहिला पालक-शिक्षक संघ मानला जातो.

६/ एका शाळेतले हे काम जॉर्जिया राज्यभर पसरले आणि ७ मे १९२६ रोजी 'नॅशनल काँग्रेस ऑफ कलर्ड पेरेंट्स अँड टीचर्स' ही राष्ट्रीय संघटना उभी राहिली. सेलिनाबाई तिच्या पहिल्या अध्यक्षा. गोऱ्या पालकांच्या संघटनेची उद्दिष्टेच तिने स्वीकारली. उद्दिष्टे एक होती. आरंभबिंदू मात्र फार वेगळे होते.

७/ गोऱ्या वस्तीतील पालक संघ बहुधा चालत्या शाळेत भर घालीत असे. कृष्णवर्णीय वस्तीत प्रश्न असा असे की शाळा चालणार तरी कशी? सरपण, बाके, पुस्तके यांसाठी पालक पैसे जमवीत. सरकारी पैसा संपून सत्र लवकर आटोपू लागले, तर आणखी काही आठवडे शिक्षक टिकावा म्हणून पुन्हा वर्गणी काढीत.

८/ याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे 'रोझेनवाल्ड शाळा'. शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन आणि 'सीअर्स, रोबक' कंपनीचे प्रमुख ज्यूलियस रोझेनवाल्ड यांनी १९१२ च्या सुमारास अलाबामात हा उपक्रम आरंभिला. १९३२ पर्यंत १५ राज्यांत ५,००० हून अधिक इमारती उभ्या राहिल्या. एक अट अशी होती : देणगी हवी तर गावानेही आपला वाटा उचलावा.

९/ आता आकडे पाहू. एकूण खर्च सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर. त्यात रोझेनवाल्ड निधीचा वाटा सुमारे ४३ लाखांचा, तर कृष्णवर्णीय रहिवाशांचा सुमारे ४७ लाखांचा! म्हणजे ज्याचे नाव शाळांना लाभले, त्या धनाढ्य दात्यापेक्षा कूळ म्हणून राबणाऱ्या शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी मिळून अधिक दिले. कोणी जमीन दिली, कोणी लाकूड, कोणी अंगमेहनत. काहींनी कापसाच्या शेतातला एक तुकडा शाळेसाठी राखून ठेवला.

१०/ उरलेली बहुतांश रक्कम सार्वजनिक करांतून आली. पण ते करही हे लोक भरतच होते. इतिहासकार जेम्स अँडरसन यांनी या व्यवस्थेला 'दुहेरी करआकारणी' म्हटले आहे : एकदा सरकारी तिजोरीत भरायचे, आणि तेथून आपल्या मुलांना न्याय्य वाटा मिळत नाही म्हणून वर्गणीच्या रूपाने पुन्हा भरायचे.

११/ मराठी वाचकाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामीविरोधी लोकांना अर्पण करणाऱ्या जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हेच मांडले होते : महसूल रयतेच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरी पडतो.

१२/ अमेरिकेत या दुसऱ्या कराविरुद्धचा निर्णायक उठाव झाला तो साउथ कॅरोलायनातील क्लॅरेंडन काउंटीत. १९४९-५० मध्ये तेथे दर गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर खर्च होत, कृष्णवर्णीय मुलामागे ४३. गोऱ्या मुलांसाठी शाळेच्या ३० बसगाड्या होत्या. त्यांच्याहून संख्येने कितीतरी अधिक असलेल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नव्हती. ती मैलोन्मैल पायी जात.

१३/ पालकांनी प्रथम नेहमीचाच मार्ग धरला. वर्गणी काढून एक जुनी बस घेतली. ती सतत बिघडे. दुरुस्ती आणि इंधन यांचा भार पेलवेना. निदान इंधनाचा खर्च तरी काउंटीने द्यावा, अशी विनंती केली. ती नाकारली गेली. तेव्हा रेव्हरंड जोसेफ डीलेन यांच्या प्रोत्साहनाने लिव्हाय पिअर्सन या शेतकरी पालकाने न्यायालयात दाद मागितली. १९४८ मध्ये तांत्रिक कारणावरून तो दावा निकाली निघाला.

१४/ पालक मागे हटले नाहीत. १९४९ मध्ये शंभरहून अधिक सह्यांचा अर्ज झाला. पहिले नाव हॅरी ब्रिग्ज यांचे, म्हणून खटला 'ब्रिग्ज विरुद्ध एलियट' ठरला. आरंभी मागणी समान सोयींची होती. पुढे वकील थर्गूड मार्शल यांनी तिचे स्वरूप बदलले : आता वेगळ्या शाळांच्या तत्त्वालाच आव्हान होते.

१५/ सह्यांची किंमत जबर होती. हॅरी ब्रिग्ज यांची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली; पत्नी एलायझा यांचीही गेली. पिअर्सन यांना पीककर्ज मिळेना. डीलेन यांचे घर जळाले, नंतर त्यांचे चर्चही. तरीही १७ मे १९५४ च्या ऐतिहासिक 'ब्राउन' निकालात एकत्र आलेल्या पाच खटल्यांपैकी एक या पालकांचा होता.

१६/ पुढचा अध्याय निखळ आनंदाचा नाही. शाळा एकत्र होत गेल्या तशा पालकांनी पदरमोड करून उभारलेल्या अनेक कृष्णवर्णीय शाळा बंद पडल्या. हजारो शिक्षक आणि मुख्याध्यापकांनी पदे गमावली. २२ जून १९७० रोजी अटलांटात दोन्ही पालक संघटनांचे विलीनीकरण झाले. सेलिनाबाई १९६४ मध्येच निवर्तल्या होत्या. राष्ट्रीय संघटनेच्या संस्थापकांत त्यांचे नाव मरणोत्तर समाविष्ट झाले.

१७/ या पालकांच्या त्यागाचे कौतुक करताना एक भान ठेवावे. त्यांची वर्गणी शाळांना जगवीत होती, आणि त्याच वेळी सरकारला आपली जबाबदारी टाळण्याची सवलतही देत होती. हे ओळखूनही त्यांनी वर्गणी थांबवली नाही, कारण मुलांचे वय थांबत नाही. जुनी बस आधी आली, खटला नंतर. आणि ती बस घेण्यासाठी जे एकत्र आले होते, तेच पुढे अर्जावर सही करायलाही आले.