दस्तुरखुद्द की चिटणिशी? : हेन्री आयर्विंगचा पत्रव्यवहार

देवपुरातून पांझरेचा पूल ओलांडला की मूळ धुळे शहर लागते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस याच शहरात निवर्तले आणि पुढच्याच वर्षी येथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध करताना राजवाड्यांनी बखरींची कठोर झडती घेतली होती आणि इतिहासाचा पाया समकालीन अस्सल पत्रांवरच घातला पाहिजे, असा आग्रह धरला होता. ही कसोटी राज्यकारणाच्या इतिहासासाठी होती. रंगभूमीच्या इतिहासाला ती लावली तर काय हाती येते, हे पाहण्यासाठी आम्ही व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडचा अग्रगण्य नट हेन्री आयर्विंग याचा पत्रव्यवहार निवडला आहे.

आयर्विंगचे मूळ नाव जॉन हेन्री ब्रॉड्रिब, जन्म १८३८ चा. कारकुनी सोडून १८५६ साली तो रंगभूमीवर आला. पुढची पंधरा वर्षे बव्हंशी फिरतीत आणि दुय्यम भूमिकांत गेली. १८७१ साली लंडनच्या लायसियम नाट्यगृहात 'द बेल्स' हे नाटक गाजले, १८७४ साली त्याच्या हॅम्लेटचे दोनशे प्रयोग झाले आणि १८७८ साली तो त्याच नाट्यगृहाचा चालक झाला. १८९५ साली त्याला 'सर' ही पदवी मिळाली. हा मान मिळालेला तो पहिलाच नट. ज्या समाजात नटाला घरच्या पंगतीत बसवावे की नाही याचा विचार केला जाई, त्या समाजात हा प्रवास केवळ अभिनयाच्या बळावर झाला नाही. त्याला पत्रांचीही जोड होती.

ही पत्रे आज लंडन, स्ट्रॅटफर्ड आणि अमेरिका येथील संग्रहांत विखुरलेली आहेत. नटाचे अंतरंग सापडेल या आशेने ती उघडणाऱ्याची बहुधा निराशा होते. भोजनाची निमंत्रणे, आभार, नाटककारांना दिलेली उत्तरे, प्रयोगांच्या तारखा, दौऱ्यांच्या वाटाघाटी हाच त्यांतला मोठा भाग. शिवाय लेखणी नेहमीच आयर्विंगच्या हाती नसे. १८७८ पासून लायसियमचा व्यवस्थापक असलेला ब्रॅम स्टोकर पत्रव्यवहाराचे ओझे वाहत होता. 'ड्रॅक्युला' (१८९७) या कादंबरीमुळे जगाला ठाऊक झालेला हा लेखक हयातीत प्रामुख्याने आयर्विंगचा माणूस म्हणूनच ओळखला जाई. एल. एफ. ऑस्टिन हा दुसरा साहाय्यक भाषणांचे व पत्रांचे मसुदे करून देई.

मराठी दप्तरे वाचणाऱ्याला ही व्यवस्था नवी नाही. आपल्याकडे सरदाराचे पत्र चिटणीस लिही. शेवटी कधी धन्याच्या हातच्या दोन ओळी असत, आणि त्या दस्तुरखुद्द ओळींना निराळे मोल असे. पत्र अस्सल आहे, एवढ्याने त्यातला आवाज कोणाचा, हे ठरत नाही. चिटणिशी मजकूर मात्र म्हणून खोटा ठरत नाही. धन्याला जगासमोर कोणत्या रूपात उभे राहायचे होते, हे तो नेमके सांगतो. आयर्विंगची संयत, औपचारिक पत्रे अशीच वाचली पाहिजेत, असे आम्हांस वाटते. 'प्रतिष्ठित कलावंत' ही त्याने सर्वाधिक काळ वठवलेली भूमिका होती, आणि तिची संहिता स्टोकर व ऑस्टिन लिहीत होते.

या संहितेला तडा गेला तो दुसऱ्यांच्या पत्रांनी. १८९५ पासून 'सॅटर्डे रिव्ह्यू'चा नाट्यसमीक्षक असलेला बर्नार्ड शॉ आयर्विंगवर सतत टीका करीत होता. हा नट शेक्सपिअरची मोडतोड करतो आणि इब्सेनच्या काळात नव्या नाटकाकडे पाठ फिरवतो, असा त्याचा आक्षेप. शॉचे 'द मॅन ऑफ डेस्टिनी' हे नाटक लायसियमने बराच काळ ठेवून घेतले आणि १८९७ साली परत केले. याच काळात लायसियमची नायिका एलन टेरी हिच्याशी शॉचा पत्रव्यवहार चालू होता, तोही अनेक वर्षे प्रत्यक्ष परिचयावाचून. ती पत्रे १९३१ साली पुस्तकरूपाने निघाली. आयर्विंग १९०५ सालीच वारला होता, टेरी १९२८ साली. टेरीचा पुत्र गॉर्डन क्रेग याने या प्रकाशनाला विरोध केला. त्याच्या दृष्टीने आयर्विंग हा गुरुस्थानी होता. परंतु त्या पत्रांत खेळकरपणा, मत्सर, माया सारे काही आहे. वाचकाने त्यांवर विश्वास ठेवला, आणि त्यांतला हट्टी, जुन्या वळणाचा आयर्विंग पुष्कळांच्या मनात ठसला. ज्यांची पत्रे चांगली लिहिलेली, त्यांचाच इतिहास खरा ठरतो, हा धोका राजवाड्यांच्या कसोटीतही शिल्लक राहतो.

आता आपल्याकडे पाहू. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे केलेले रूपांतर 'विकारविलसित' १८८३ सालचे, आणि गणपतराव जोशी शाहूनगरवासी मंडळीत हॅम्लेटची भूमिका करीत, त्या काळाच्या एका टप्प्यावर आयर्विंग हयात होता. किर्लोस्कर मंडळीचे चालक शंकरराव मुजुमदार यांनी अण्णासाहेबांचे चरित्र १९०४ साली लिहिले, तर स्टोकरच्या आयर्विंगविषयक आठवणी १९०६ साली निघाल्या. दोघेही व्यवस्थापक, दोघेही निष्ठावंत. स्टोकरचे म्हणणे मात्र लायसियमच्या पत्रांशी ताडून पाहता येते. आमच्या नाटक मंडळ्यांची बिऱ्हाडे गावोगाव हलत. अनेक मंडळ्या फुटल्या, बुडाल्या. आठवणी आणि आत्मचरित्रे आपल्यापाशी आहेत. गणपतराव बोडसांची 'माझी भूमिका' (१९४०) आणि चिंतामणराव कोल्हटकरांचे 'बहुरूपी' (१९५७) ही त्यांतली अव्वल. परंतु राजवाड्यांच्या परिभाषेत सांगायचे तर ही उत्तम बखर आहे. तिच्याशेजारी ठेवायला हिशेबाची वही, करारनामा, मुक्कामाहून धाडलेले कार्ड क्वचितच मिळते.

ज्या गावात मोडी रुमाल जपण्याची परंपरा आहे, तेथे हा प्रश्न विचारणे अस्थानी होणार नाही. लढाईची खबर देणारा कागद 'साधन' आणि नाटकाच्या मुक्कामाचा खर्च सांगणारा कागद रद्दी, ही वाटणी राजवाड्यांच्या पद्धतीतून निघत नाही. ती आपण केली आहे. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने जुन्या घरांतल्या ट्रंका उघडताना पोस्टकार्डावर नटाची सही शोधावीच. पण मजकूर कोणाच्या अक्षरात आहे, हेही पाहावे.